छत्तीस बाटल्या पाणी

शुक्रवारी सकाळी साडेअकराला फोन वाजला तेव्हा मी मटार सोलत बसलो होतो, आणि फोन उचलायच्या आधीच माझं डोकं फिरलं होतं. शुक्रवार हा आमचा इथला, आखातातला, रविवार. त्या दिवशी सकाळी फोन येतो तो एकतर लॅबमधून मॅनेजर जहूरभाईंचा, नाहीतर अंबरनाथहून कुणीतरी गेल्याचा. सान्वीनं उचलला. अकरा वर्षांची घोडी झाली, पण मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच द्यायचं असं व्रत घेतल्यासारखं वागते. ‘पप्पा, सम लेडी. आय कान्ट गेट हर ॲक्सेंट.’ मी हात लेंग्याला पुसले. बाई कागदावर लिहून आणलेलं वाचून दाखवत होती, हे दोन वाक्यांत कळलं. ती ब्लांका, डॉक्टर सेमेरादांची मुलगी. तिकडे चेकमधून, ब्रनो नावाच्या गावाहून बोलत होती. वडील हॉस्पिटलमध्ये आहेत, लिव्हरचं आहे, बरं होण्यासारखं नाही. वडिलांनी तुमच्या तिकडच्या पाण्यावर पेपर लिहिला, मासिकानं अट घातली आहे की पाण्याचे मूळ नमुने दुसऱ्या लॅबमधून पुन्हा मोजून आणा, मग छापू. तर वडील ज्या छत्तीस बाटल्या तुमच्याकडे ठेवून आले त्या पाठवता का? सुखरूप आहेत ना? ‘सेफ, सेफ,’ मी म्हटलं, ‘हंड्रेड पर्सेंट सेफ. टेल हिम नॉट टु वरी.’ बोललो ते मला खरंच वाटत होतं. लॅबच्या स्टोअरमध्ये वरच्या फळीवर ओळीनं लावलेल्या, बुचं घट्ट, लेबलं जागच्या जागी. सव्वा वर्ष मी त्यांना डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. मग तिनं पुढची ओळ वाचली. ‘फादर आस्क. दे आर ऑल द टाइम इन प्लास्टिक?’ माझ्या हातात मटाराची एक शेंग तशीच राहिली होती. ‘येस,’ मी म्हटलं.

येस कसलं, कपाळ. काचेत होत्या. मीच भरल्या होत्या काचेत, या दोन हातांनी, आणि भरताना स्वतःवर खूश होऊन. आता हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं, कारण माझ्या बायकोलाही पुढे सांगावं लागलं. पाण्यात बोरॉन नावाचा पदार्थ असतो, अगदी चिमूटभर. त्या छत्तीस बाटल्यांमधलं पाणी जपायचं ते त्यात बोरॉन किती आहे एवढ्याचसाठी. आणि लॅबमधली जी उत्तम काच, तापवली तरी न तडकणारी, ती तशी असते कारण तिच्यातच बोरॉन घातलेला असतो. तिच्यात पाणी महिनोन्महिने ठेवलं, तेही आमच्या त्या बिनएसीच्या स्टोअरमध्ये, की काच आपल्यातला बोरॉन पाण्याला देत राहते. डाळीत मीठ किती पडलंय ते मोजायचंय आणि डाळ ठेवलीय मिठाच्या बरणीत, असला प्रकार. पंधरा वर्षं केमिस्ट म्हणून मिरवणारा मी, पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करणारा मी, आणि हे माझ्या लक्षात कधी आलं? तर एका परक्या बाईनं कागदावरून वाचून दाखवल्यावर. फोन ठेवला. ‘कोण होतं हो?’ अनुपमानं ओट्याजवळून विचारलं. डॉक्टरांची मुलगी, मी म्हटलं. ‘कसे आहेत?’ बरे नाहीत. ‘आणि तुम्ही असे का उभे?’ माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तिला काय सांगणार.

डॉक्टर सेमेराद चौऱ्याण्णव साली आले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची लॅब, एका बाजूला टायरवाले, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे. मी अल कुसैसहून गाडीनं यायचो, ते लॅबच्या वरच राहायचे, एका खोलीत. पंचावन्न वर्षांचा माणूस, कपाळ लाल, उन्हात कायम बाह्या खाली आणि गळ्यापर्यंत गुंड्या. व्हिसावर त्यांचा हुद्दा लिहिला होता लॅब टेक्निशियन. हा माणूस तिकडे प्रागजवळच्या एका संस्थेत अठ्ठावीस वर्षं बोरॉनवर काम करत होता. बोरॉनचे अणू एकमेकांना धरून पिंजऱ्यासारखा आकार करतात, त्यातला एक पिंजरा जगात पहिल्यांदा यांनी तयार केला. मी एकदा विचारलं, उपयोग काय त्याचा? ते म्हणाले, ‘काहीच नाही. तो आहे, एवढंच.’ त्यांचं इंग्रजी माझ्याहून तुटकं, आणि माझं कसं ते सान्वी सांगेल, म्हणून त्यांचं बोलणं मी आपलं मराठीतच सांगतो. तिकडे राज्य बदललं. मग एक कमिटी आली, तिनं प्रत्येकाचं काम तपासलं, अर्ध्या लोकांना घरी पाठवलं. कमिटीतला एक जण यांचाच विद्यार्थी. त्यानं यांना विचारलं, गेल्या तीन वर्षांत काय छापलं? आणि यांची बायको त्या तीन वर्षांत आजारी पडून गेली होती. हे त्यांनी मला सांगितलं ते अगदी सरळ, आज क्लोरीन किती आलं हे सांगावं तसं. मला मात्र त्या न पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या दोन कानफटात माराव्याशा वाटल्या. राग मला लवकर येतो. त्यांना येतच नसे, आणि त्याचाही मला राग यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, बोरॉनचा नमुना काचेत ठेवायचा नाही. त्यांचे वडील काचेच्या कारखान्यात होते, प्रयोगशाळेची भांडी फुंकायचे. ‘काच फार उदार असते,’ डॉक्टर म्हणाले होते, ‘न मागता देते.’ आम्ही हसलो आणि सोडून दिलं. कारण पुढची सहा वर्षं बोरॉनला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या वाट्याला क्लोरीन, खारटपणा, जंतू, आणि ते सगळं काचेतच. त्यांची मोजायची रीत मात्र मी बघत बसायचो. हळदीतला पिवळा रंग पाण्याच्या थेंबात घालून सावकाश आटवायचा. बोरॉन असेल तर पिवळ्याचा लाल होतो, जितका लाल तितका बोरॉन. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले असताना मी हे अनुपमाला सांगत होतो. ती आमटी वाढता वाढता म्हणाली, ‘त्यात काय एवढं? आमच्याकडे कुंकू असंच करायचे. हळदीला लिंबू आणि टाकणखार.’ टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बोरॉनचंच मीठ. मी भाषांतर करून सांगितलं तसा त्यांनी चमचा खाली ठेवला. अनुपमाच्या कपाळाकडे बघत राहिले, मग खिशातून वही काढून लिहून घेतलं, लिंबू किती, टाकणखार किती. तिला म्हणाले, मॅडम, तुम्ही आमच्या संस्थेच्या कित्येक शतकं पुढे आहात. ती लाजली आणि रागावलीही, टिकली लावली होती तिनं, कुंकू नव्हे. त्यानंतर मात्र दर महिन्याला ती त्यांना लिंबाचं लोणचं पाठवायची आणि ते ते पावाला लावून खायचे.

धैद गावाच्या पुढे खजुराची एक बाग होती, तिथला राखणदार खैरुद्दीन. त्यानं लॅबमध्ये विहिरीचं पाणी आणून दिलं होतं, लिंबाची झाडं करपतात म्हणून. क्षार तपासून जहूरभाईंनी रिपोर्ट दिला, पाणी ठीक. डॉक्टरांनी खैरुद्दीनच्या हातातलं ते पान बघितलं. पान मधे हिरवं आणि कडेनं जळलेलं. ‘मीठ असं जाळत नाही,’ ते म्हणाले. तेव्हापासून तीन वर्षं, महिन्याचा पहिला शुक्रवार चुकला नाही. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून आम्ही दोघं सकाळी निघायचो. मी कशाला, तर खैरुद्दीनशी हिंदीत बोलायला. अनुपमा करवादायची, आठवड्याची एक सुट्टी तीही गोऱ्याच्या नावानं. खैरुद्दीन म्हणायचा, ‘साब, पानी को नज़र लगी है.’ डॉक्टर विचारायचे काय म्हणतो, मी सांगायचो, ते गंभीरपणे मान डोलवायचे. विहिरीत दोरी सोडून पाणी काढायचं, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत भरायचं, त्याच विहिरीच्या पाण्यानं बाटली आधी तीनदा विसळून, मग लेबल. सातचा आकडा लिहिताना ते त्याच्या पोटातून एक आडवी रेघ मारायचे. मला ते तीन वर्षांचे शुक्रवार आठवतात ते मुख्यतः त्या शांततेसाठी. माणूस बोलायचा नाही, पण शिट्टी वाजवायचा. अंबरनाथच्या फॅक्टरीत मी नऊ वर्षं रंग बनवले, इथे सहा-सात वर्षं पाणी तपासलं, पण एखादी गोष्ट नुसती जाणून घ्यायची म्हणून असं काही मी कधी केलं नाही. त्या शुक्रवारी दोरी धरताना मात्र मला वाटायचं की मीही त्यात आहे.

त्यांना काय सापडलं ते थोडक्यात सांगतो. विहिरीतला बोरॉन ठराविक महिन्यांत वाढायचा, ठराविक महिन्यांत उतरायचा, आणि त्यावरून खाली खोल कुठलं पाणी कधी वर सरकतं हे सांगता येतं. खैरुद्दीनला ते कळलं असतं तर त्यानं लिंबांना कुठल्या महिन्यात ते पाणी द्यायचं नाही हे ठरवलं असतं. सांगायच्या आधी डॉक्टर साठ वर्षांचे झाले. साठीला लेबर कार्ड, म्हणजे इथे कामाला राहायचा परवाना, पुढे वाढत नाही, खलास. नव्याण्णवच्या डिसेंबरात ते गेले. विमानाला वीस किलो सामान, आणि छत्तीस बाटल्यांचं वजन अठरा किलो. प्रत्येक बाटलीतलं अर्धं पाणी मोजून झालं होतं, उरलेलं अर्धं राखून ठेवलेलं. ‘हे साक्षीदार आहेत,’ एअरपोर्टवर त्यांनी मला सांगितलं, ‘मी खोटं बोलत नाही हे सांगायला.’ त्यांच्या वहीची झेरॉक्सही माझ्याकडे दिली. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही निर्धास्त जा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, बागवाल्यानं तोंडावर सिमेंट ओतलं, खैरुद्दीन दुसरीकडे गेला. म्हणजे जगात ते पाणी उरलं ते आमच्या स्टोअरच्या वरच्या फळीवर.

आणि मग ऑगस्टमध्ये ऑडिट आलं. जहूरभाई माणूस वाईट नाही, हैदराबादचा, बिर्याणीवर जीव, पण ऑडिट म्हटलं की त्याचं पित्त खवळतं. स्टोअरमध्ये शिरला आणि ओरडलाच, ‘उपेंद्रभाई, ये क्या शरबत की दुकान लगा रक्खी है? पीने के पानी की खाली बोतलां! ऑडिटर देखा तो अपनी सबकी छुट्टी. यल्ला, एक घंटे में खलास करो, नहीं तो ढंग के बर्तन में रक्खो.’ आता त्या तासाबद्दल मी स्वतःला काय काय म्हणालो आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फेकलं नाही. फेकायला सांगितलं असताना फेकलं नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला! कपाटात काचेच्या बाटल्यांचा नवा कोरा खोका होता, जर्मन माल, निळी बुचं. तो मी फोडला. जावयाला चांदीच्या ताटात वाढावं तशा थाटात मी एकेक नमुना ओतला, थेंब न सांडता, डॉक्टरांची लेबलं वाफेवर सोडवून पुन्हा चिकटवली, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या. प्लास्टिक म्हणजे हलकं, काच म्हणजे चांगली. पाहुणा आला की आपण काचेचे ग्लास काढतो. तेवढीच अक्कल माझ्या हातांना त्या वेळी होती. हात डोक्याला विचारत नाहीत. ऑडिटर फळीसमोर उभा राहिला, म्हणाला, व्हेरी नीट. गणपती करायला गेलो आणि मारुती झाला, आणि सहा महिने मी त्या मारुतीला रोज मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

शनिवारी लॅबमध्ये जाऊन मी पहिलं काम केलं ते एक बाटली मोजण्याचं. पाचवी उचलली. मनात म्हणत होतो, काच काही रातोरात पाझरत नाही, असेल थोडाफार फरक, चालून जाईल. वहीत पाचव्याचा आकडा पॉइंट चौऱ्याऐंशी. माझा आला एक पॉइंट एकतीस. चुकलो असेन म्हणून पुन्हा केलं. एक पॉइंट एकोणतीस. मग बारावी, मग तिसावी. सगळ्या वाढलेल्या, आणि एकसारख्याही नाहीत, एखादी थोडी, एखादी भरमसाट, म्हणजे तेवढं वजा करून हिशेब जुळवावा म्हटलं तर तीही सोय नाही. थाळीतले लाल डाग बघत मी बसून राहिलो. जहूरभाई डोकावला, ‘क्या हुआ, तबियत ठीक है?’ मी म्हटलं, ‘ठीक आहे.’ मराठीतच म्हटलं. तो बघत राहिला आणि गेला. परत जाताना अल कुसैसच्या सिग्नलला मागच्यानं हॉर्न वाजवला म्हणून मी काच खाली करून त्याला अशी शिवी घातली की माझा मलाच आश्चर्याचा धक्का बसला. बिचारा कुठला तरी पठाण होता. त्यानं हात जोडले.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर स्वतः फोनवर आले. मी ठरवलं होतं की सांगायचं. वाक्यही तयार होतं, इंग्रजीत, ऑफिसात पाठ केलेलं. आवाज ऐकला, तर तो फार बारीक झाला होता. त्यांनी आधी अनुपमाला विचारलं, सान्वीला विचारलं, उन्हाळा सुरू झाला का विचारलं. मग म्हणाले, ‘उपेंद्र, एक गंमत सांगू? इथे माझ्या शेजारच्या कॉटवर एक न्हावी आहे. त्याला मी सगळं समजावून सांगितलं, विहीर, खैरुद्दीन, महिने. तो म्हणाला, मग तुम्ही तिकडे सहा वर्षं फुकट नाही घालवली.’ ते हसले आणि त्यांना खोकला आला. ‘बाटल्या पाठव. मला फार दिवस नाहीत, पण एवढ्याला पुरतील.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, एक सांगायचं होतं...’ ते म्हणाले, ‘सांग.’ आणि मी म्हटलं की पॅकिंगला आठवडाभर लागेल. भित्रा! पंचेचाळिशीचा घोडा, आणि शाळेत शाई सांडल्यावर पाय मागे घेणाऱ्या पोरासारखा भित्रा. रिसीव्हर ठेवला तेव्हा तळहाताचा घाम त्याला लागलेला दिसत होता.

अनुपमानं सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडायची थांबली नाही. ‘खरं सांगून टाका,’ ती म्हणाली. मरणाऱ्या माणसाला? ‘हो. खरं ऐकून माणूस मरत नाही.’ मी तिला समजावलं, तुला कळत नाही, त्या माणसाचं सगळं गेलं, संस्था गेली, बायको गेली, इथे टेक्निशियन म्हणून राबला, आता एवढी एक गोष्ट त्याच्या नावावर राहणार आहे, ती मी हिसकावून घेऊ? वहीत सगळे आकडे आहेत. शुद्ध पाणी घ्यायचं, तेवढे क्षार घालायचे, बोरिक ॲसिड आकड्याप्रमाणे तोलून घालायचं. तेच पाणी. कुणाला फरक कळणार नाही, देवालासुद्धा. आणि आकडे काही मी बनवत नाहीये, त्यांचेच आहेत, खरे आहेत, त्यांनीच मोजलेले. बोलता बोलता माझा आवाज चढला, सान्वी खोलीतून म्हणाली, ‘पप्पा, प्लीज, आय हॅव अ टेस्ट.’ अनुपमा उठली, निवडलेली भाजी परातीत टाकली. ‘तुम्हाला त्यांचं वाईट वाटत नाहीये,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुम्हाला स्वतःची लाज वाटतेय. दोन्ही एकच समजू नका.’ मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिचं बरोबर होतं म्हणूनच बोललो नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी लॅबची किल्ली माझ्याकडे होती. टायरवाले बंद, खिडक्यावाले बंद, रस्त्यावर मांजरं. घरून प्लास्टिकच्या छत्तीस बाटल्या नेल्या होत्या, आमच्याच प्यायच्या पाण्याच्या. प्रत्येक तीनदा विसळली. काय सांगू, काम मी अतिशय चांगलं केलं. उभ्या आयुष्यात इतकं नेटकं तोललं नसेल. विसावीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मी शिट्टी वाजवतोय. थांबलो. खुर्चीवर बसून रडलो थोडा, कुणी नव्हतंच बघायला. मग बाहेर जुम्म्याच्या नमाजाची बांग झाली, दुकानांच्या मागच्या खोल्यांतून माणसं अंघोळी करून स्वच्छ कपड्यांत निघाली, एकमेकांना सलाम करत, आणि मी खिडकीतून त्यांना बघत राहिलो. त्यांच्यात मिसळून कुठेही निघून जावं असं वाटलं. उरलेल्या सोळा केल्या. प्रत्येकीतून थोडं घेऊन मोजून बघितलं, वहीतला आकडा तंतोतंत. डॉक्टरांची लेबलं परत वाफेवर सोडवली, परत चिकटवली. काचेतलं खरं पाणी होतं ते, आता खरं म्हणायचं की नाही कोण जाणे, मी मोरीत ओतलं. ते ओतताना काही तरी पूर्ण चुकतंय हे मला चांगलं कळत होतं. कळत होतं आणि हात चालूच होते.

पार्सल गेलं. मार्च गेला. जेवण जाईना, वजन चार किलोनं उतरलं, जहूरभाई म्हणाला शुगर चेक कर. अनुपमा माझ्याशी नीट वागत होती, जास्तच नीट, आजारी माणसाशी वागतात तशी. मी मनाशी म्हणायचो, आता पेपर छापून येईल, डॉक्टर तो छातीवर ठेवून सुखानं डोळे मिटतील, आणि ही गोष्ट माझ्याबरोबर मरेल. असंही वाटायचं की पार्सल हरवावं. विमानातून हजारो पार्सलं जातात, एखादं नाही का हरवत? इतकं साधं मागणं, पण तेही कुणी ऐकलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी फोन आला. ब्लांकानं डॉक्टरांना दिला. ‘उपेंद्र,’ ते म्हणाले, आणि बराच वेळ श्वास घेत राहिले. ‘आकडे आले. युनिव्हर्सिटीनं मोजले. छत्तीसच्या छत्तीस जुळले.’ मी अभिनंदन केलं. माझा आवाज मला मोठा वाटला. ते म्हणाले, ‘सतरावा पण जुळला.’ मग म्हणाले, ‘सतरावा, अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी. मला त्या दिवशी ताप होता, आठवतं? गाडी तू चालवलीस. इथे आल्यावर आलेख काढला तर पस्तीस ठिपके रेषेवर आणि तो एक बाहेर, वर. मी समजलो, त्या दिवशी मी चुकीचं मोजलं. माझं म्हणणं खरं असेल तर तो ठिपका खाली यायलाच हवा. दुसऱ्यांनी मोजलं की येईल खाली. मी मासिकवाल्यांना तसं लिहिलंही. त्या एका आकड्यासाठी मी थांबलो होतो.’ मला आठवला तो शुक्रवार. वाळू उडत होती आणि जाताना ते मागच्या सीटवर आडवे झाले होते, तिथे पाणी मी काढलं होतं आणि ते अंगावर कोट घेऊन विहिरीशी उभे होते. ‘तो खाली आला नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘जिथे मी चुकलो तिथेच बरोब्बर आला. पाणी माझी चूक कशी करेल, उपेंद्र?’

आमच्या हॉलमध्ये सान्वी कार्टून बघत होती. मी हातानं तिला आवाज कमी करायला सांगितलं आणि तिनं केला. ‘माझ्या पाण्याला काय झालं?’ त्यांनी विचारलं. रागावले नव्हते. या एवढ्या वर्षांत एकदा तरी रागवायचं होतं मला त्यांनी. ‘काच,’ मी म्हटलं. मग ऑडिट म्हटलं, जर्मन बाटल्या म्हटलं, सॉरी म्हटलं, किती वेळा ते आठवत नाही. ‘कुठे आहे ते?’ ओतून दिलं, मी म्हटलं. त्यांनी ‘अच्छा’ म्हटलं. इथे शिकले होते तो शब्द. पलीकडे इतका वेळ बाहेर गेलेली ब्लांका परत आली असावी, तिनं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, आणि माझ्या कानात त्यांचा आवाज एकदम बदलला, उत्साहानं तिला काही सांगू लागला, आणि मग मला, मोठ्यानं, इंग्रजीत, ‘व्हेरी गुड वर्क, उपेंद्र. व्हेरी केअरफुल.’ फोन ब्लांकाकडे गेला. या वेळी ती कागद वाचत नव्हती. म्हणाली, पप्पा रडताहेत, आनंदानं. इतकी वर्षं आम्ही त्यांना असं बघितलं नव्हतं. पण एक विचित्र बघा ना, मी म्हणते उद्याच पोस्टात टाकते, मासिकवाले थांबलेत, तर ते म्हणतात नको, घाई काय आहे, राहू दे. असं कसं? दोन महिने रोज विचारत होते. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ते ऐकतात.

‘द्या,’ मी म्हटलं.

तिनं रिसीव्हर परत त्यांच्या कानाशी धरला असणार, कारण मला पुन्हा तो श्वास ऐकू येऊ लागला, आणि माझा त्यांना जात असणार. अनुपमा दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील आणि मी सुटेन. ते काही म्हणाले नाहीत. त्यांनीही माझ्यावरच सोडलं होतं. मुलीला दुःख न देता हे संपवायचं तर कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यांचं इंग्रजी तिला कळत होतं, माझं फक्त त्यांना ऐकू जात होतं.

‘डॉक्टर,’ मी म्हटलं, ‘पाठवू नका.’

‘थँक यू, उपेंद्र,’ ते म्हणाले.

ब्लांकानं फोन घेतला. ‘पटलं का त्यांना?’ तिनं विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं, ‘पटलं.’